डाव्या हातासाठी एक यंत्र

सोनोग्राफी चालू असताना खोलीतल्या सगळ्यांची नजर पडद्यावर असते. डॉक्टरांच्या उजव्या हातात प्रोब असतो, म्हणून पेशंट फार तर त्या हाताकडे बघतो. डाव्या हाताकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तो पडद्याखालच्या पॅनेलवर सतत फिरत असतो. चित्र थांबवतो, गेन कमी-जास्त करतो, दोन टोकं धरून अंतर मोजतो आणि चित्र पुन्हा चालू करतो. हे सगळं न बघता चालतं, कारण नजर पडद्यावरून हलली की प्रोबही जागेवरून सरकतो आणि मिळालेला छेद निसटतो.

पुढच्या पानांचा विषय हा डावा हात आणि त्याच्याखालचं पॅनेल आहे. ते यूएसबीवर चालणारं कसं बांधायचं, त्यात काय काय बिघडतं आणि बांधल्यावर ते माणसाजवळ नेण्याआधी कशाकशातून पार पडावं लागतं, याची ही ओळख. इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प पहिल्या नजरेत सोपा वाटतो. चाळीस बटणं, एक ट्रॅकबॉल, थोडे नॉब. डाव्या हाताचा मळ! हा समज पहिल्या तीन-चार पानांतच उतरावा, अशी अपेक्षा आहे.

हे लेखन नांदेड आणि लातूरच्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे, आणि त्याला भूगोलाचं साधं कारण आहे. नांदेडची श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था 1981 साली सुरू झाली, ती विष्णुपुरीला. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988चं, आणि आज त्याचं रुग्णालयही विष्णुपुरीतच आहे. बटण बनवू शकणारी मुलं आणि ते बटण दिवसभर दाबणारे डॉक्टर एकाच परिसरात राहतात, असं महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडत नाही. लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली उभं केलेलं विवेकानंद रुग्णालयही तिथलंच. कुकडेंना 2019 साली पद्मभूषण मिळालं. लातूरचं नाव राज्यभर गाजतं ते नीटच्या शिकवण्यांमुळे. डॉक्टर होऊ इच्छिणारी इतकी मुलं ज्या गावात राहतात, तिथे डॉक्टरांची हत्यारं बनवण्याची गोष्ट क्वचितच निघते, याचं नवल वाटतं.

वैद्यकीय चित्रांवर इथे काम होऊ शकतं का, ही शंका मात्र नांदेडनं आधीच मिटवली आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या इजेच्या 516 छायाचित्रांचा ‘आयडीआरआयडी’ हा संग्रह 2018 साली जगापुढे आला. त्यातली छायाचित्रं नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात घेतलेली होती आणि संग्रहामागच्या संशोधकांमध्ये विष्णुपुरीच्या याच संस्थेतले लोक होते. भारतीय रुग्णांच्या डोळ्यांचा असा तपशीलवार खुणा केलेला संग्रह तोवर उपलब्ध नव्हता. त्याच वर्षी त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आज देशोदेशीचे संगणक नांदेडकरांच्या डोळ्यांवर शिकतात. ते काम सॉफ्टवेअरच्या बाजूचं होतं. पॅनेल हे हार्डवेअरच्या बाजूचं, म्हणजे जास्त धूळ आणि जास्त स्क्रू असलेलं काम.

डॉक्टर आणि इंजिनिअर शेजारी बसले तरच हे यंत्र पुढे सरकतं, हे या यंत्राच्या जन्मापासून खरं आहे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड 1955 साली पोलादातल्या भेगा शोधण्याचं कारखान्यातलं उपकरण मानवी गाठींवर वापरून बघत होते. टॉम ब्राऊन नावाचा तरुण इंजिनिअर त्यांच्याकडे जाऊन पोचला आणि ते उपकरण या कामाला पुरेसं नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. त्यातून नवं यंत्र घडलं. 7 जून 1958च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा निबंध छापून आला आणि पोटातली गाठ न कापता दिसू लागली. लेखकांच्या यादीत इंजिनिअरचं नाव डॉक्टरांच्या बरोबरीनं आहे, हे आपल्याकडच्या संस्थांनी जरूर बघावं.

पॅनेलवरच्या प्रत्येक वस्तूमागे काही कारण असतं आणि ते शरीरात सापडतं. डाव्या हाताच्या टप्प्यात एकाखाली एक अशा बहुधा आठ सरकत्या पट्ट्या दिसतात. डॉक्टर त्यांना टीजीसी म्हणतात. नवख्याला त्या गाण्याच्या मिक्सरच्या वाटतात. ध्वनिलहर मऊ ऊतींतून जाताना दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल गमावते. पोटासाठी 3.5 मेगाहर्ट्झचा प्रोब घेतला आणि 10 सेंटिमीटर आतली गोष्ट बघायची असली, तर जाऊन-येऊन 20 सेंटिमीटरचा प्रवास होतो आणि 35 डेसिबल हरवतात. म्हणजे परतणाऱ्या लहरीची ताकद सुमारे तीन हजारावा भाग उरते. हे भरून काढलं नाही तर चित्र वर पांढरंफटक आणि खाली काळं दिसेल.

लहर शरीरात सेकंदाला 1540 मीटर वेगानं जाते, त्यामुळे प्रत्येक सेंटिमीटर खोलीचा प्रतिध्वनी साधारण 13 मायक्रोसेकंद उशिरा येतो. जितका उशिरा आला, तितका तो जास्त वाढवायचा, हा टीजीसीचा सगळा हिशोब. प्रत्येक पट्टी एका थराची मालकीण. चरबी साठलेलं यकृत लहर जास्त शोषतं, मग खालच्या पट्ट्या उजवीकडे सरकतात. भरलेल्या मूत्राशयामागचा भाग वाजवीपेक्षा उजळ दिसतो, मग तिथली पट्टी मागे येते. हे सगळं डॉक्टर दर पेशंटला, दिवसातून कित्येकदा करतात. पट्टी मध्यावर आली की बोटाला हलकासा खटका जाणवला पाहिजे, ही मागणी म्हणूनच चैनीची नाही. मध्य कुठे आहे हे डोळ्यांनी बघायची सोयच नसते.

यूएसबी पॅनेल स्वतः लहरीला हातही लावत नाही, हे इथे स्पष्ट करायला हवं. ते फक्त आकडा पाठवतं. पट्टी म्हणजे एक बदलता रोध. त्याचा व्होल्टेज मायक्रोकंट्रोलर मोजतो. 12 बिटांनी मोजलं तर 4096 पायऱ्या मिळतात आणि विद्यार्थी खूश होतो. मग कुणी हात न लावताही आकडा 2047, 2048, 2047 असा थरथरत राहतो, पॅनेल दर वेळी संगणकाला कळवत राहतं आणि पडद्यावरचा एक थर मंदपणे लुकलुकतो. उपाय म्हणजे पायऱ्या 256वर आणायच्या आणि ठरावीक अंतर ओलांडल्याशिवाय बदल कळवायचाच नाही. थोडं कमी ऐकणारं पॅनेल इथे चांगलं.

बटणांची गोष्टही अशीच. चाळीस बटणांना चाळीस तारा लागत नाहीत. पाच आडव्या आणि आठ उभ्या ओळींची जाळी केली की तेरा तारांत काम भागतं. थिएटरच्या तिकिटावर रांग आणि खुर्ची असते, तसं प्रत्येक बटण दोन आकड्यांनी सापडतं. तीन बटणं एकदम दाबली गेली तर चौथं भुतासारखं उमटू शकतं, म्हणून प्रत्येकाशी एक डायोड. बटण दाबल्यावर आतला धातू काही मिलिसेकंद उड्या मारतो, म्हणून पाच ते वीस मिलिसेकंद थांबून मगच विश्वास ठेवायचा. ट्रॅकबॉलचा इतिहास मात्र गमतीचा आहे. कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ प्रकल्पात 1952 साली जो ट्रॅकबॉल बनला, तो चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू होता.

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी 1996चं. इंटेलमध्ये त्या कामात पुढे असलेले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. या पद्धतीचा मोठा गुण असा की जोडलेली वस्तू स्वतःची ओळख स्वतः सांगते. कळफलक, माऊस, जॉयस्टिक यांच्यासाठी त्यात ‘एचआयडी’ नावाचा वर्ग आहे आणि त्या वर्गात बसणाऱ्या वस्तूला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. आजची बहुतेक सोनोग्राफी यंत्रं आतून संगणकच आहेत, म्हणून पॅनेलनं याच वर्गात बसावं हे ओघानं येतं. हिशोबही जुळतो. आठ पट्ट्यांचे आठ बाइट, चाळीस बटणांचे पाच, ट्रॅकबॉलचे चार, सहा नॉबचे सहा, एकूण तेवीस. फुल-स्पीड यूएसबीच्या एका निरोपात चौसष्ट बाइट मावतात आणि तो दर मिलिसेकंदाला जाऊ शकतो. लो-स्पीड निवडलं तर मात्र आठ बाइटांवर अडायला होतं.

सगळ्यात मोहक आणि सगळ्यात वाईट वाट म्हणजे पॅनेलनं साध्या कळफलकाचं सोंग घेणं. चित्र थांबवणारं फ्रीजचं बटण दाबलं की ‘एफ’ अक्षर पाठवायचं, डेप्थसाठी ‘डी’. प्रात्यक्षिकात हे झकास चालतं, टाळ्याही मिळतात. प्रत्यक्षात कर्सर पेशंटच्या नावाच्या चौकटीत असताना फ्रीज दाबलं जातं, चित्र थांबत नाही आणि रिपोर्टवर नावापुढे एक ‘एफ’ चिकटतो. एचआयडीतच निर्मात्यासाठी राखीव असलेल्या वेगळ्या पानावर आपले संकेत ठेवावेत आणि यंत्राच्या सॉफ्टवेअरनं ते थेट वाचावेत, हाच सरळ मार्ग. त्याला थोडी जास्त मेहनत लागते. शिकण्यासाठी अर्डुइनो लिओनार्डो किंवा 2021 साली आलेला रास्पबेरी पाय पिको पुरतो, कारण त्यांच्या चिपमध्येच यूएसबी आहे. कॉलेजात सगळीकडे पडलेल्या जुन्या अर्डुइनो ऊनोच्या मुख्य चिपमध्ये ते नाही. कित्येक प्रकल्प याच एका गोष्टीवर अडतात.

फ्रीजच्या बटणाखालचा दिवा हा तर या विषयाचा गाभाच म्हणावा. तो कधी लागावा? बटण दाबल्यावर, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते चूक आहे. चित्र खरोखर थांबल्यावर यंत्रानं पॅनेलला उलट निरोप द्यावा आणि मगच दिवा लागावा. नाहीतर संगणक अडकलेला असताना दिवा थांबलोय म्हणतो, डॉक्टर विश्वास ठेवतात आणि जुन्या चित्रावर माप घेतलं जातं. पॅनेलला स्वतःचं मत नसावं. केबल निसटली तर ती परत जोडताच पट्ट्यांची खरी स्थिती पहिल्या निरोपात जायला हवी, आणि तोवर पडद्यावर फ्रीजची पर्यायी सोय हवी.

दिव्यांचा खर्चही मोजावा लागतो. यूएसबी 2.0च्या पोर्टातून जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर मिळतात. चाळीस दिवे प्रत्येकी 20नं जाळले तर 800 लागतात. म्हणून दिवे मंद करण्यासाठी ते फार वेगानं चालू-बंद करायची युक्ती वापरली जाते, आणि तिथेच दुसरं दुखणं उभं राहतं. परत येणारे प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतात. शेजारी काही सेंटिमीटरवर दिवे किंवा स्वस्त पॉवर सर्किट फडफडत असलं, तर त्याचा गोंगाट चित्रात तिरप्या रेघांनी उतरतो. रेघा प्रोबमुळे, मेन्समुळे की पॅनेलमुळे, हे शोधताना पहिली चाचणी अगदी सोपी: पॅनेलची केबल काढा आणि रेघा जातात का बघा.

आता कायद्याकडे यावं लागतं. मराठवाड्यात सोनोग्राफीवर लिहून त्याला वळसा घालणं अप्रामाणिक ठरेल. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्वतःचा कायदा 1988 साली केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा 1994चा, तो अमलात आला 1 जानेवारी 1996ला. यूएसबीचं मानक आणि हा कायदा एकाच महिन्यातले, हा निव्वळ योगायोग, पण या पुस्तकाला तो दोन्ही बाजूंनी बांधतो. कायदा कागदावर राहिला म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 2001 साली न्यायालयानं कडक अंमलबजावणीचे आदेश दिले. तरीही लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001च्या जनगणनेत 894 होती, ती 2011 साली 807वर आली. इथल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावरची पाटी, गर्भवतीच्या तपासणीची नोंद असलेला प्रत्येक फॉर्म एफ या आकड्याच्या सावलीत आहे.

यंत्राला बाहेरून काही जोडण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला प्रयोगही याच कायद्यापायी झाला. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी आणि लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावलं. कोल्हापुरात 2001 साली तोच आकडा 839 होता. हे उपकरण यंत्राचा व्हिडिओ सिग्नल घेऊन तपासणीचं चित्रण साठवून ठेवायचं. डॉक्टरांच्या संघटनेनं आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2011मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय उचलून धरला. तरीही आक्षेप शिल्लक राहिले आणि त्यात तथ्य आहे. गुन्हा पडद्यावर होत नाही. तो कानात सांगितलेल्या एका शब्दात किंवा खुणेत होतो, आणि चित्रणात तो सापडणार नाही. स्त्रीच्या शरीराचं चित्रण कुणाच्या ताब्यात राहावं हा प्रश्नही आहेच. इंजिनिअरला त्यातून शिकण्यासारखं हे की जोडलेल्या डब्याकडून तो करू शकत नाही असं काम मागू नये, आणि डब्यात पेशंटविषयी काहीही साठू नये, असं ठरवून बांधावं. पॅनेलला स्मृतीची गरजच नाही.

याच कायद्यामुळे इथला विद्यार्थी परदेशातल्या वाटेनं जाऊ शकत नाही. फिलिप्सनं 2015 साली टॅब्लेटला यूएसबीनं जोडायचा ‘लुमिफाय’ प्रोब आणला आणि प्रोब खिशात मावू लागला. आपल्याकडे 2012च्या नियमदुरुस्तीनं फिरत्या यंत्रांच्या वापरावर कडक मर्यादा आहेत आणि नोंदणी नसलेल्याला यंत्र विकताच येत नाही. म्हणजे प्रयोगशाळेत एखादं जुनं यंत्र आणून उघडून बघू, हा बेत मनातही आणू नये. नोंदणीकृत केंद्राच्या यंत्रसामग्रीत बदल करायचा तर समुचित प्राधिकाऱ्याला आधी कळवावं लागतं. पॅनेल एकट्यानं कुठलंही चित्र काढू शकत नाही, हे खरं. पण ते ज्या यंत्राला लागणार, ते कायद्याच्या वहीत आहे.

विक्रीचा विचार असेल तर वाट आणखी लांब. 2017ची वैद्यकीय उपकरण नियमावली 2018च्या पहिल्या दिवसापासून लागू झाली आणि 2020च्या एप्रिलपासून जोडउपकरणंही ‘औषध’ या कायदेशीर व्याख्येखाली आली. विद्युत सुरक्षेसाठी आयईसी 60601 ही मानकमाला आहे, तिची भारतीय आवृत्ती आयएस 13450. सर्वसाधारण स्थितीत स्पर्शातून वाहणारा प्रवाह 100 मायक्रोअँपिअरच्या आत हवा. वापरसुलभतेसाठी आयईसी 62366 आहे. विद्यार्थ्यांनी सुरुवात यानंच करावी, कारण डॉक्टरला बसून नीट बघणं आणि नोंदी करणं एवढ्यावर ती होऊ शकते.

त्या नोंदींत काय मिळेल? पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांमध्ये सोनोग्राफी करणाऱ्या दहापैकी आठांहून जास्त लोकांनी खांदा, मान किंवा मनगट दुखत असल्याचं सांगितलं आहे. सुटं यूएसबी पॅनेल असल्यास ते पुढे ओढता येतं, खाली करता येतं, डावखुऱ्या डॉक्टरला दुसऱ्या बाजूला ठेवता येतं. मूळ यंत्राला जखडलेल्या पॅनेलपेक्षा हा त्याचा खरा फायदा. जेल बटणांच्या फटीत जातं आणि वाळून कडक होतं, म्हणून सलग सिलिकॉनचं आवरण. ट्रॅकबॉलची कडी हातानं फिरवून निघावी, स्क्रूड्रायव्हर लागू नये. मराठवाड्याच्या धुळीत हा चेंडू वारंवार साफ करावा लागतो आणि ते काम सिस्टर किंवा मामाच करतात. अल्कोहोलनं पुसून काही प्लास्टिकांना तडे जातात, छापलेली अक्षरं उडतात. अक्षरं उडाली तरी काम चालावं यासाठी फ्रीजचं बटण मोठं आणि किंचित खोलगट, गेनचा नॉब खाचांचा, डेप्थचा गुळगुळीत, अशी ओळख बोटाला पटली पाहिजे.

पुढची प्रकरणं याच क्रमानं जातात: आधी हात, मग बटणं आणि पट्ट्या, मग यूएसबीचे निरोप, शेवटी सुरक्षा आणि कागदपत्रं. सर्किटची आकृती तिसऱ्या प्रकरणाआधी येत नाही, यावर घाई असलेले वाचक नाराज होतील. त्यांना होऊ द्यावं. विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे. सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी विभागप्रमुखांची आणि रुग्णालयाची लेखी परवानगी काढा, पेशंटची संमती घ्या आणि सकाळची एक पूर्ण ओपीडी डॉक्टरांच्या डाव्या बाजूला बसून काढा. पॅनेलच्या चाचण्या संगणकावरच्या नकली पडद्यावर करा, पेशंटवर कधीही नको. आणि विष्णुपुरीतल्या दोन्ही संस्थांच्या प्रमुखांना विनंती अशी की मुलांना दर वेळी ओळखीपाळखीतून परवानगी मिळवावी लागू नये. दोन संस्थांमध्ये एक कायमचा लेखी करार असावा, रेडिओलॉजी आणि इन्स्ट्रुमेंटेशन विभागांतून एकेक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि दर सत्रात ठरलेल्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीचं दार विद्यार्थ्यांसाठी उघडावं. लातूरच्या संस्थांनाही हेच सांगणं आहे.